कुणीच न चाखलेली वाइन

प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्ट्या आल्या आणि दिंडोरीजवळची बोरस्त्यांची छोटीशी वायनरी माणसांनी फुलून गेली. पोरं हौदात उतरून द्राक्षं तुडवत होती, आईबाप सावलीत विसावले होते. तेवढ्यात पुण्याच्या एका बड्या क्लबाचे अध्यक्ष सरपोतदार पाच गाड्यांचा लवाजमा घेऊन उतरले. त्यांनी पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"ही तर सगळेच पितात. मला जगात कुणीच चाखली नाही अशी वाइन हवी. तुम्हीसुद्धा चाखलेली नको. नसेल तर आम्ही सगळे निघालो!"

वायनरीचे मालक निवृत्ती बोरस्ते एकेका टाकीकडे बघू लागले. त्यांची बायको कुसुम रोज सकाळी प्रत्येक टाकीतला घोट चाखल्याशिवाय चहासुद्धा घेत नसे. तिने न चाखलेली वाइन आणायची कुठून?

कुसुम मात्र हसली. सगळ्यांना घेऊन ती थेट बागेत शिरली, वेलीवरचा एक काळाभोर घड खुडला आणि सरपोतदारांच्या हातावर ठेवला.

"अहो, ही तर द्राक्षं!" ते गरजले.

"वाइनच आहे, साहेब. फक्त हिचं सील अजून देवाचं आहे. तुम्हीच फोडा."

सरपोतदारांनी एक मणी तोंडात टाकला. उन्हाने कोमट झालेला, गोड, मग किंचित तुरट. त्यांचे डोळे आपोआप मिटले. निवृत्ती बायकोकडे बघतच राहिले. जन्म या वेलींत गेला, पण घडात वाइन त्यांना कधी दिसली नव्हती.

"हिची बाटली कधी भराल?" सरपोतदारांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"वर्षभराने या," कुसुम म्हणाली. "पण तेव्हा ती आधी मी चाखलेली असेल हं!"