कासवाची सेटिंग

"...ते सगळं राहू दे हो, पण मागं वळताना दर वेळी माझाच मुडदा का पडतो, तेवढं सांगा!"

शार्दूल नलवडेनं कंट्रोलर टेबलावर आपटला नाही, एवढंच. आवाज मात्र आपटला.

समोर मल्लाप्पा मुळगुंद खाटेच्या कडेला बसून शेंगा सोलत होते. एक शेंग फोडली. दाणे वाटीत टाकले, टरफल पायाशी.

दुसरी शेंग उचलली.

शार्दूलच्या डोक्यात तिडीक गेली. ही माणसं सगळी एका साच्यातली. आपला जीव जात असला तरी यांची शेंग आधी सोलून व्हायला पाहिजे. कॉलेजातही हेच. प्रश्न विचारला की "पुढच्या तासाला बघू". तिसऱ्या सेमिस्टरला त्यानं पुढचा तासच बंद करून टाकला आणि घरी आला. घरी बाप होता. बापाला तर प्रश्नच चालत नव्हते. बारावीत असताना त्यानं पकडीनं माऊसची वायर कापली होती, आणि वर तिच्याकडं बोट करून म्हणाला होता, "आता कर अभ्यास."

शार्दूलनं अभ्यास केला नाही. दुकानात पडून राहिलेला जुना कंट्रोलर मिळवला. ट्रॅकपॅडवाला.

हा कंट्रोलर म्हणजे असा, की उजव्या अंगठ्याखाली नेहमीच्या स्टिकच्या जागी एक गोल सपाट चकती. अंगठा सरकेल तशी गोळीबाराच्या खेळात पडद्यावर आपली नजर फिरते. माऊसचं काम अंगठा करतो. पण नुसता आणला आणि खेळला, असं होत नाही. किती घासलं की किती फिरायचं, चकतीचा कुठला भाग जागा ठेवायचा, कुठला झोपवायचा, हे ज्याचं त्यानं बसवायचं. ज्याला बसवता येतं तो आपली सेटिंग नेटवर टाकतो. बाकीचे ती उचलतात. 'कासव' या नावानं टाकलेली एक सेटिंग अठरा हजार जणांनी उचलली होती. शार्दूल त्यातलाच एक.

त्या कासवाचा पत्ता काढत तो कोल्हापुरातून एसटीनं गडहिंग्लजला आला होता. आज गुरुवार. रविवारी पुण्यात एका गेमिंग टीमची निवड चाचणी होती, जागा एकच. निवड झाली तर बाप गप्प बसणार होता. नाही झाली तर सोमवारपासून मामाच्या फाउंड्रीत. बाप बोलला ते बोलला.

"किती वर्सं झाली ही सेटिंग लावून?" मल्लाप्पांनी विचारलं.

"चार."

"रोज?"

"रोज आठ तास. दिवाळीला दहा." शार्दूलची मान जरा वर झाली. "आणि सर, चार वर्षांत केसाएवढा फरक केलेला नाही. पोरं दोन दिवसांत खुडबूड करतात, हे वाढव, ते कमी कर. मी नाही. तुमची जशीच्या तशी."

मल्लाप्पांचा हात शेंगेवर थांबला.

"एकदापण बदलली न्हाईस?"

"गुरूची सेटिंग बदलतात होय?"

मल्लाप्पांनी वाटी बाजूला ठेवली. उठले. खुर्ची घेतली, आणि पडद्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसले.

"खेळ."

"सर, पडदा इकडं आहे."

"असू दे. खेळ तू."

शार्दूल हसला. नाटकं! असल्या म्हाताऱ्यांना नाटकं फार लागतात. पण आला होता शिकायला. त्यानं खेळ सुरू केला.

अंगठा सरकला की त्या चकतीच्या पोटात बारीक टिकटिक होते. खोलीत तेवढाच आवाज. टिक, टिक... थांबा... टिक. समोरच्या पायरीवरून एकजण आला, पाडला. खिडकीत दुसरा दिसायच्या आत पाडला. तिसरा तर पळत होता, त्यालाही सोडला नाही. शार्दूलनं वळून पाहिलं. शाबासकी सोडाच, मल्लाप्पांची पाठ हललीसुद्धा नाही.

मग मागून पावलं वाजली.

तो वळायला गेला. नजर अर्धी फिरली... आणि तिथंच अंगठा संपला.

मुडदा.

"बघितलं? इथंच! इथंच मरतो मी!"

"परत खेळ," भिंतीकडून आवाज आला.

तो परत खेळला. परत तसाच मेला. तिसऱ्यांदा खेळताना त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या कपाटाकडं गेलं. कपाटाच्या काचेत मल्लाप्पांचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले. आणि चेहरा असा, की पोटभर जेवून माणूस ओसरीला टेकावा.

"झोप लागली काय तुम्हाला?" शार्दूल ओरडला. "मी इथं मरतोय आणि तुम्ही..."

"दोनदा टिक. मग थांबायचं. मग एकदा." मल्लाप्पांनी डोळे उघडले नाहीत. "त्याचं बी असंच."

"कुणाचं?"

"शिवानंदचं. धाकटा भाऊ माझा."

"ते कुठं असतात?"

"गेला. पाच वर्सं झाली."

शार्दूलनं खाटेकडं पाहिलं. मग त्याला आठवलं की ते मघाशी खाटेच्या कडेला बसले होते, खाटेवर नव्हे. उशीवर कुणीच न टेकलेला नवा अभ्रा होता.

"म्हणजे कासव म्हणजे... ते?"

"खेळायचा तो. सेटिंग मी बसवली." मल्लाप्पा आता वळले. "आधी पाय गेले त्याचे. मग दंड, मग बोटं एकेक करून. डॉक्टर म्हणाले, असंच जाणार. शेवटाला हा एवढा राहिला." त्यांनी आपला उजवा अंगठा वर केला. "ह्यो बी उचलता यायचा न्हाई. नखभर सरकायचा आणि बाहेरच्या अंगाला पडून राहायचा. पडला की पडद्यावर सगळं गरगर फिरायचं. म्हणून ते बाहेरचं अंग मी झोपवून टाकलं."

शार्दूलनं कंट्रोलर उजेडाकडं तिरका धरला. चकतीचा आतला भाग झिजून तेलकट चकाकत होता. बाहेरचा अर्धा चंद्र दुकानातून आणल्यासारखा खरखरीत. चार वर्षांत त्याचा अंगठा तिकडं गेलाच नव्हता.

"आणि मागं वळायचं?" त्याचा आवाज खाली आला होता. "मागं वळायला काय बसवलंत?"

"काय न्हाई."

"काय नाही म्हणजे?"

"त्याला कशाला लागतंय मागं वळायला? एक कोपरा धरायचा, पाठ भिंतीला लावायची, समोरून येईल त्याला मारायचं. मागून कोण येतच नव्हतं त्याच्या."

...

बाहेर कुणीतरी स्कूटर लावली, स्टँडचा आवाज झाला.

"एक ओळ," शार्दूल म्हणाला. "एक ओळ लिहायची होती ना खाली. ही आजारी माणसाची सेटिंग आहे, धडधाकट लोकांनी घेऊ नये. एवढंच! टाइप करायला काय बोटं झडली होती तुमची?"

आपण काय बोललो ते त्याला बोलल्यावर कळलं. त्यानं माफी मागितली नाही.

"धा जणांनी घेतली तेव्हा लिहिणारच हुतो," मल्लाप्पा म्हणाले. "तेवढ्यात तो गेला. मग हजार झाले. मग पाच हजार. आता अठरा. अठरा हजार अंगठे त्याच्यागत चालायला लागले, बघ... ती ओळ लिहिली असती तर सगळे थांबले असते."

"म्हणून आम्हाला चालवलं."

मल्लाप्पा आपल्या अंगठ्याकडं बघत राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं. मला आत घेतानासुद्धा ठाऊक होतं."

"व्हय."

निदान खोटं तरी बोलायचं होतं! बाप खोटं बोलायचा, तुझ्याच भल्यासाठी म्हणायचा. बापाचं स्वतःचं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला अडकलं होतं, ते त्यानं पोराच्या बोडक्यावर घातलं आणि मोकळा झाला. घरोघर हाच धंदा. थोरामोठ्यांचं जे मेलेलं असतं ते पोरांच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, नीट सांभाळ. एक घर सोडून आला, तर इथंही तेच हातात पडलं. आणि हे तर त्यानं स्वतः शोधून घेतलं होतं, एसटीचा प्रवास करून पाया पडायला आला होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "काढून टाकतो."

त्यानं तिथल्या तिथं सेटिंग पुसली. मूळची आणली. आता चकती सगळीच्या सगळी जागी झाली.

तो खेळायला लागला. अंगठा नखभर सरकला आणि थांबला. पडद्यावर आकाश आलं, मग जमीन, मग कुठली तरी भिंत. समोरून आलेल्यानं त्याला मारलं. परत. समोरून आलेल्यानंच मारलं. मघाशी ज्यांना तो पालीसारखा टिपत होता ती माणसं आता उभी राहून त्याला मारत होती. सात वेळा मेला. जा ना पुढं, तो अंगठ्याला म्हणाला, जा ना भडव्या! अंगठा नखभर गेला आणि पडून राहिला.

शेवटी त्यानं डाव्या हातानं उजवा अंगठा धरला आणि ढकलून चकतीच्या बाहेरच्या कडेला नेऊन ठेवला.

मल्लाप्पा चटकन उठले, शिवानंदचा पडलेला अंगठा उचलून ठेवायला उठत तसे. मग खाली बसले.

शार्दूलनं ते पाहिलं. हात सोडला.

"किती दिवस लागतात," त्यानं विचारलं, "अंगठ्याला विसरायला?"

"शिकायला किती लागले?"

दोघांनाही आकडा ठाऊक होता. मधे शुक्रवार आणि शनिवार, दोनच वार होते.

टेबलावर फोन थरथरला. त्यावर 'पप्पा' आलं. थरथरत थरथरत फोन वाटीला जाऊन भिडला, दाणे हलले, मग थांबला. शार्दूल बघत राहिला. इतका वेळ तो रागावर उभा होता. आता राग उतरला, आणि उभं राहायला खाली काहीच नव्हतं.

उठून जावं, असं त्याला वाटलं. जाणार कुठं? स्टँडवर. स्टँडवरून घरी. घरून फाउंड्रीत.

त्यानं नेटवर शोधलं. कासव. तीच जुनी सेटिंग परत उतरवून घेतली.

अंगठा चकतीवर टेकला आणि आपोआप झिजलेल्या जागेत बसला. टिक, टिक... थांबला... टिक. पायरीवरचा पडला. खिडकीतला पडला. किती सोपं होतं! हातात कुणीतरी दुसराच खेळत असावा, इतकं सोपं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मल्लाप्पा पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसले होते.

"सर," शार्दूल म्हणाला. रडू फुटू नये म्हणून त्यानं नजर पडद्यावरच ठेवली. "रविवारी मी जाऊ का नको? शिकवू नका काही. तेवढं एक तरी सांगा मला."

पडद्यावर मागून पावलं वाजत होती. तो वळला नाही.

मल्लाप्पांनी डोळे मिटून घेतले.

"बोलू नको रे... नुसतं खेळ."