गाडीखालचा प्रसाद

एकदा एक मोटार नवी होती. मोटारी फार काळ नव्या राहत नाहीत, त्यामुळे ही गोष्ट अंमळ घाईनेच सांगावी लागते.

मोटार होती विश्रामची. विश्राम हा खाडीकाठच्या एका गावातला काजूचा व्यापारी आणि त्याच गावातल्या एका वृद्ध आचार्यांचा शिष्य. आचार्यांना सारे गुरुजी म्हणत. दर एकादशीला पलीकडच्या गावी गुरुजींचं प्रवचन असे आणि त्यांना नेण्या-आणण्याची सेवा विश्रामकडे होती. जुन्या गाडीने ती सेवा पुष्कळ केली. मग तिचा तळ गंजला. एकदा भरतीच्या वेळी बांधावरून जाताना पायाखालच्या भोकातून एक खेकडा वर आला, तेव्हा गुरुजी त्याला इतकंच म्हणाले, “या, बसा. आजचा विषय वैराग्य आहे.” पुढे पत्रा एवढा गेला की चढावर गुरुजी पाय लावून गाडीला हातभार लावत, असं गावात सांगतात. यात अतिशयोक्ती आहे. त्यांचा एकच पाय खाली पोचत असे.

त्या पायाला मात्र खडी लागली, जखम चिघळली आणि प्रवचन बंद पडलं. ते पुन्हा सुरू व्हावं म्हणूनच विश्रामने नवी गाडी घेतली होती. तिच्यात शेजारच्या सीटवर प्रथम गुरुजींनीच बसायचं, असा त्याचा हट्ट होता.

पूजेच्या सकाळी तो पत्नीला, प्रमिलाला मागच्या सीटवर बसवून गुरुजींच्या अंगणात गाडी लावून उतरला, तो तणतणतच.

“गुरुजी, हे शोरूमवाले म्हणजे दरोडेखोर! सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नाही, आणि तो टायवाला मला म्हणतो, ‘काका, तळाला गंजरोधक लेप लावून घ्या. आजच सांगा.’ नव्या कोऱ्या गाडीला गंज? बारशाला आलेल्या वैद्याने बाळाला कवळी खपवावी, तसं झालं हे!”

“मग लावणार आहेस?”

“मुळीच नाही! जुन्या गाडीला लावलाच होता की. काळा, डांबरासारखा. काय उपयोग झाला? तुमचा पाय साक्षी आहे.”

गुरुजींनी आपल्या पायाकडे पाहिलं. पाय काही बोलला नाही.

पूजा सुरू झाली. बॉनेटवर स्वस्तिक निघालं, झेंडूचा हार चढला, चाकांखाली लिंबं गेली. शेजारीपाजारी जमले. विश्रामने तबक पुढे केलं. “गुरुजी, कुंकू लावायचा मान तुमचा.”

गुरुजींनी चिमूटभर कुंकू घेतलं. मग ऐंशीच्या घरातले ते आचार्य शुभ्र धोतरानिशी जमिनीवर उताणे झाले आणि सरपटत गाडीखाली शिरले.

विश्रामची कानशिलं तापली. “गुरुजी! अहो, हे काय आरंभलंय? लोक बघतायत!”

“लोक बॉनेट बघतायत,” खालून आवाज आला. “इथे कुणी नाही.”

ते बाहेर आले तेव्हा कुंकू बोटांवरच होतं. खाली चिकटलं नव्हतं. मुठीत गाडीच्या तळाची ओली वाळू होती, तीत एक चिमुकला शिंपलाही. ती वाळू त्यांनी तबकात पेढ्यांशेजारी ठेवली. “घे. प्रसाद.”

“ऐन पूजेत माझी थट्टा करता?” विश्रामचा स्वर चढला. “तुमच्यासाठी गाडी घेतली, आणि चारचौघांत माझी ही शोभा!”

“चाखून तरी बघ.”

रागाच्या भरात विश्रामने एक कण जिभेवर ठेवला. खारट.

“कालची आहे ती,” प्रमिला म्हणाली. “सूर्य मावळताना फोटो हवा होता ना! किनाऱ्यावर लाटेच्या कडेने गाडीच्या दोन चकरा झाल्या.”

“अख्खं गाव नेतं,” विश्राम पुटपुटला.

आता गुरुजी संतापले. त्यांना संतापलेलं गावाने क्वचितच पाहिलं होतं.

“आणि अख्ख्या गावाच्या गाड्यांना भोकं आहेत! विश्राम, तुझा राग खरा, पण तो चुकीच्या दाराशी उभा आहे. जुनी गाडीही तू आधी किनाऱ्यावर फिरवलीस आणि खाली न पाहता त्या ओल्या वाळूवरच लेप चढवलास. त्या लेपाने गंजाला पांघरूण घातलं. आत निवांत बसून त्याने पत्रा खाल्ला. तू मात्र रोज सकाळी छत पुसत होतास! हार बॉनेटला, स्वस्तिक बॉनेटला; आणि जो तळ माणसांचं ओझं वाहतो, त्याच्या वाट्याला खारं पाणी! तो खंगला की शिव्या शोरूमला. अरे, विकणारा विकणारच. पण वाकून पाहण्याचं काम त्याने करायचं होतं का?”

विश्रामची नजर गुरुजींच्या पायावरच्या व्रणाकडे गेली आणि या वेळी मात्र पायाने साक्ष दिली.

“मग लेप लावू की नको?” त्याने हळूच विचारलं.

“खाडीकाठी राहतोस, लाव. पण आधी खालून गोड्या पाण्याने धू, खडखडीत सुकू दे. पाणी निथळायला तळाला मुद्दाम ठेवलेली भोकं लेपाने बुजवू देऊ नकोस. आणि लेप लावला म्हणजे सुटलो, असं समजू नकोस. स्वतः वाकून बघायला शीक; तोवर मी चालत बरा.”

पुढच्या एकादशीला विश्राम गाडी घेऊन दारात आला. गुरुजी काठी टेकत बाहेर आले, पण गाडीपाशी थबकले. विश्राम इस्त्रीच्या सदऱ्यानिशी जमिनीवर आडवा झाला, खाली शिरला, सावकाश सगळीकडे हात फिरवून बाहेर आला आणि दार उघडून उभा राहिला.

गुरुजींनी त्याला काठीने अलगद वळवलं. त्याच्या पाठीवरची माती पाहिली आणि निर्धास्तपणे आत बसले.

ज्याच्या सदऱ्याची पाठ कधीच मळत नाही, त्याने आपल्या गाडीची काय किंवा घराची काय, हमी देऊ नये.