नांद्रुकाखालचा शब्द

फार जुन्या काळी एका नदीच्या दोन काठांना दोन गावं होती. अलीकडच्या गावात मराठी बोलत, पलीकडच्या गावात कानडी. पाणी उतरलं की दोन्हीकडची माणसं चालत ये-जा करत, सोयरिकी जुळवत, आणि कुरणावरून भांडतही.

अलीकडच्या गावचा पाटील शिदोजी. माणूस कष्टाळू, हाताचा सढळ, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एकदा कुरणाच्या भांडणात पलीकडच्यांनी त्याला चारचौघांत वेडंवाकडं बोलून घेतलं. ते त्याच्या मनाला इतकं झोंबलं, की घरी येताच त्याने हुकूम काढला: या गावात कानडीचा एक शब्द कुणी उच्चारायचा नाही.

हुकूम सगळ्यात जास्त बोचला तो त्याच्याच घरात. त्याची बायको चंद्राबाई पलीकडची. माहेरी तिला चन्नव्वा म्हणत. ज्या भाषेत आईने तिला वाढवलं, ती आता चुलीपुढेसुद्धा पुटपुटायची चोरी झाली. चंद्राबाई आतल्या आत धुमसत राही, पण बोलून दाखवत नसे.

वेशीजवळ नांद्रुकाचं एक जुनं झाड होतं, त्याला दगडी पार होता. बाजाराच्या दिवशी शिदोजी पारावर बसून तंटे सोडवी. धाकटा भाऊ भिवजी शेजारी बसे.

अशाच एका बाजाराला पलीकडून निंगव्वा नावाची बाई दही विकायला आली. तिला मराठी येत नव्हती. भाव ती बोटांनी सांगे. पाराच्या मागे सावली बघून तिने डोक्यावरची पाटी उतरवली, तोच पायाखालची माती हलली. तिने वळून पाहिलं. नांद्रुकाची मुळं उचकटत होती आणि खोडातून कडकड ऐकू येत होती. पारावरच्यांची तिकडे पाठ होती, आणि बाजाराच्या गलक्यात त्यांच्या कानांवर काहीच जात नव्हतं.

निंगव्वा धावत पुढे आली. हात वर करून, दोघा भावांकडे बघून ती जीव तोडून ओरडू लागली, "मर! मर!"

कानडीत मर म्हणजे झाड. दक्षिणेच्या भाषांच्या घरचा हा शब्द. खाली तमिळ मुलखात त्यालाच मरम म्हणतात. आपलं मरणं आलं ते संस्कृताच्या घरून. दोघांत रक्ताचं नातं नाही. दोन अनोळखी वाटसरूंचा चेहरा सारखा असावा, तसे हे दोन शब्द. पण हे त्या घटकेला कोण सांगणार? अख्ख्या बाजाराने एकच ऐकलं. पलीकडची एक बाई आपल्या पाटलाला तोंडावर मर म्हणते आहे.

माणसं तिच्यावर धावून गेली. कुणी तिचे केस धरले, कुणी दह्याची मडकी फोडली. एकाने तोंडात मारली, तरी ती रक्ताळलेल्या तोंडाने तेच म्हणत राहिली, आणि हात वरच होता. त्या हाताकडे कुणी बघितलं नाही. शिदोजीचे डोळे लाल झाले होते. हिला नदीपर्यंत फरफटत न्या, असं तो म्हणाला.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून चंद्राबाई पुढे आली. इतक्या माणसांत नवऱ्यासमोर ती कधी उभी राहिली नव्हती.

"अहो, ती शिवी देत नाही," ती म्हणाली. "झाड पडतंय म्हणते आहे. आधी खाली उतरा."

शिदोजी बायकोवरच उखडला. माहेरची माणसं दिसली की तुला पुळका येतो, म्हणाला. माझा हुकूम माझ्याच घरात पाळला जात नाही, म्हणाला. भिवजी उठायला लागला होता. शिदोजीने त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं.

"बस. पलीकडच्या बाईच्या शापाला भिऊन आपण पार सोडायचा नाही."

चंद्राबाईने दोन्ही हातांनी माणसं मागे लोटली आणि निंगव्वाला खेचून बाजूला नेलं. तेवढ्यात नांद्रुक कोसळला.

भिवजी जागीच गेला. शिदोजीचा पाय फांदीखाली चिरडला. गावाने फांदी उचलली, तेव्हा त्या उचलणाऱ्यांत निंगव्वाही होती.

पुढे जखम भरली, शिदोजी काठीवर चालू लागला. त्याने निंगव्वाला बोलावून घेतलं, लुगडं आणि नारळ पुढे ठेवला. चूक कुणाचीच नव्हती, शब्दाने घात केला, असं तो म्हणाला. चंद्राबाईने तिला ते कानडीत सांगितलं, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. निंगव्वाने लुगड्याला हात लावला नाही. ती जे बोलली ते चंद्राबाईने मराठीत सांगितलं.

"ती म्हणते, शब्द कळला नाही, हे ठीक. पण माझ्या तोंडातून रक्त येत असताना मी हात वर का धरला, एवढं तरी विचारायचं होतं."

आणि निंगव्वा निघून गेली. पलीकडचं दही त्या बाजारात पुन्हा आलं नाही.

गावात मात्र शिदोजी तेच सांगत राहिला. शब्दच फसवा होता हो, त्याला कोण काय करणार? लोकही मान डोलवत. एके दिवशी भिवजीची विधवा यमुना चावडीसमोर येऊन उभी राहिली.

"भाऊजी, निंगव्वाच्या शब्दाचे दोन अर्थ होते, मान्य आहे. पण माझ्या जाऊबाईंनी तुम्हाला मराठीत सांगितलं होतं. 'झाड पडतंय, खाली उतरा.' त्याचा तुम्ही कोणता दुसरा अर्थ लावलात?"

शिदोजी काठी टेकत उठला आणि घरी गेला. त्यानंतर गावाने त्याच्यापुढे एकही तंटा नेला नाही.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात धरा: रागाने कान बंद झाले, की परकी भाषा तर कळत नाहीच, आपली स्वतःचीही कळेनाशी होते.