बुजवलेला तलाव

डोंगरापलीकडे एक गाव होते आणि त्या गावात पोहण्याचा एक तलाव होता. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, तळाशी जिवंत झरा. वैशाखातही पाणी गार. पण त्यात उतरायचे फक्त गोऱ्या माणसांनी. काळ्या माणसांना पायरीवर बसायचीसुद्धा बंदी होती.

वर्षातून एकदा पाणी उपसून गाळ काढत. ते काम मात्र काळ्यांचे.

काळ्यांच्या वस्तीतल्या एका म्हातारीने चाळीस वर्षे हा गाळ काढला. तळ कुठे खोल, झरा कुठल्या दगडाखाली, सारे तिला ठाऊक. तलाव भरला की ती कुंपणाबाहेर येऊन उभी राही.

"म्हातारे, तळ्यात जीव अडकलाय काय तुझा?" शेजारीण चिडवी.

"अडकलाय. नदीच्या पाण्याची ओढ आता झेपत नाही गं. एकदा त्या संथ पाण्यावर उताणं पडून आभाळ बघायचंय."

राजाच्या कानावर या बंदीची गोष्ट गेली. त्याने हुकूम धाडला, "तलाव सगळ्यांना खुला करा, नाहीतर कुणालाच नको."

पाटलाने गोऱ्यांना जमवले. सगळे एका आवाजात म्हणाले, "त्यांच्यासोबत एका पाण्यात? बुजवा!"

पाटलाने माती टाकायला म्हातारीला बोलावले.

ती म्हणाली, "चाळीस वर्षं या हातांनी तळ धुतला. तेव्हा नाही बाटलं पाणी?"

"तोंड आवर. पाटी उचल."

"गाळ काढीन, पाटील. झऱ्यावर माती टाकणार नाही." ती निघून गेली.

मग गोऱ्यांनीच तलाव बुजवला. हातांना फोड आले, तरी हसत होते.

वैशाख आला. पाटलाची नात पोहायला शिकायचे म्हणून पाठीला तरंगायचा सुका भोपळा बांधून निघाली.

"आबा, तळं कुठाय?"

"बुजवलं."

"का?"

पाटील भोपळ्याची दोरी सोडू लागला. पोरीने दोन दिवस पाठीचा भोपळा सोडू दिला नाही. तिसऱ्या दिवशी पाटील म्हातारीच्या दारात उभा राहिला.

"झरा कुठं होता ते दाखव."

म्हातारी निघाली. तिने जागा दाखवली. गोऱ्यांनी सात दिवस खणले. पायऱ्या उघड्या झाल्या, झऱ्यावरचा दगड लागला. पण झरा माती खाऊन मेला होता.

म्हातारी सगळ्यांत वरच्या पायरीवर बसली. तिला कुणी उठवले नाही. खाली कोरडी माती होती.

तात्पर्य: दुसऱ्याला मिळू नये म्हणून जे बुजवाल, ते तुमच्या लेकरांनाही मिळणार नाही. अक्कल उशिरा आली तरी झरा थांबून राहत नाही.