तीनशेसाठ रुपयांची जवारी

तंबोऱ्यांच्या एका कारखान्यात गुंडोपंत हिशेब लिहीत. मालक आप्पासाहेबांनी एकदा त्यांच्याकडून सगळ्या मालमत्तेची यादी करवून घेतली. तीत भोपळे आले, लाकूड आलं, कानशीसुद्धा आल्या. तारांखालची घोडी घासून जवारी काढणारे, म्हणजे सुराला गुंजन आणणारे म्हातारे मौलाभाई मात्र खर्चाच्या रकान्यात गेले.

"हा खर्च कमी करा," म्हणत आप्पासाहेबांनी त्यांना घरी बसवलं. गुंडोपंत समोरच होते, पण गप्प राहिले.

महिन्याभरानं एक नावाजलेले गवई तंबोरा न घेताच परत गेले. आप्पासाहेब उखडले, "यादीतलं सगळं जागच्या जागी आहे, मग माल का खपत नाही?"

गुंडोपंतांनी दोन तंबोरे पुढ्यात ठेवले. एक मौलाभाईंच्या हातचा, दुसरा ते गेल्यानंतरचा. "लाकूड तेच, तारा त्याच. किंमत तुम्हीच सांगा."

आप्पासाहेबांनी दोन्ही छेडून पाहिले. "याचे चारशे. त्याचे फार तर चाळीस."

"मग मधले तीनशेसाठ यादीत कुठं लिहू? ते तर आपण घरी पाठवले."

आप्पासाहेबांची मान खाली गेली. "आजच बोलावून आणा त्यांना."

गुंडोपंत धावतच गेले आणि घडलेलं सगळं त्यांनी मौलाभाईंना सांगितलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"पंत, हे गणित तुम्हाला त्या दिवशीही येत होतं ना?"

मौलाभाईंनी गुंडोपंतांना चहा पाजला, पण कामावर ते परत आले नाहीत.