कासवाच्या पाठीवरची हिरवी रेघ

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते एका कासवालाच ठाऊक, आणि कासवं कधी घाईनं काही सांगत नाहीत.

डोंगराच्या पायथ्याशी चाळीस उंबऱ्यांचं एक गाव होतं. गावात एक कासव होतं. ते कुणा एकाचं नव्हतं, म्हणून सगळ्यांचं होतं. रीत अशी, की ज्या घरात सगळ्यात शेवटी मूल जन्मलं, त्या घरी कासवानं राहायचं. पुढचं मूल जन्मलं, की त्याच्या बारशाला जुनी आई नव्या आईच्या अंगणात जायची. एका हातात टोपली, टोपलीत कासव. दुसऱ्या हातात लहानसं मडकं, मडक्यात कासवाच्या डोणीतलं जुनं पाणी.

दगडी डोण प्रत्येक अंगणात असायचीच. लोक म्हणत, डोणीतलं पाणी नितळ तर कासव सुखी, आणि कासव सुखी तर घरातलं लेकरू त्याच्यासारखं शंभर वर्षं जगतं. उलट झालं तर काय, हे मात्र कुणी म्हणत नसे. तेवढी जागा ज्यानं त्यानं आपल्या मनानं भरायला मोकळी सोडलेली होती.

विणकराच्या घरी पहिली मुलगी जन्मली, आणि ही मोकळी जागा विणकरणीनं पहिल्याच दिवशी काठोकाठ भरली.

विणकरीण पंतोजींची लेक. चार बुकं वाचलेली. कासवाच्या पाण्यावर लेकराचं आयुष्य ठरतं, असं त्या बुकांत कुठे लिहिलेलं नव्हतं. पण ते खोटं आहे, असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. शिकलेल्या माणसाची हीच पंचाईत. भीती जात नाही, उलट तिला शंकांची सोबत मिळते.

बारशाच्या दिवशी तेलीण कासव घेऊन आली. तिचा मुलगा आता रांगायला लागला होता. तिनं टोपली उतरवली, मडकं पुढे केलं आणि म्हणाली, "हे आधी डोणीत घाल हो." एवढंच बोलून ती निघाली. जाताना तिनं वर पाहिलं नाही. विणकरणीला वाटलं, बिचारी दमली असेल.

मग तिनं मडक्यात डोकावून पाहिलं. पाणी हिरवट होतं. तळाशी गाळ, वर शेवाळाचे दोन धागे.

"हे? माझ्या लेकीच्या डोणीत?" ती पुटपुटली. इकडेतिकडे पाहिलं. बायका घुगऱ्या खाण्यात गुंग होत्या. ती हळूच परसात गेली आणि मडकं केळीच्या आळ्यात पालथं करून आली. मग डोण राखेनं घासली, विहिरीच्या ताज्या पाण्यानं भरली आणि कासव आत सोडलं. पाण्यातून डोणीचा तळ लख्ख दिसत होता. तिला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी सासू डोणीपाशी थांबली. "सूनबाई, पाण्यात काहीतरी तरंगतंय. आमच्या वेळी डोणीत चेहरा दिसायचा हो, भांग पाडून घ्यावा असा."

तरंगत होती दुधी भोपळ्याची एक फोड. कासवानं खाल्ली नव्हती. पण विणकरणीला तेवढंही पुरे झालं. तिनं सगळं पाणी उपसलं, डोण काथ्यानं घासली, नवं पाणी भरलं. कासव उपाशी राहील म्हणून तीन फोडी जास्त टाकल्या. त्याही त्यानं खाल्ल्या नाहीत. पाणी पुन्हा बिघडलं. तिनं पुन्हा उपसलं.

मग तो नेमच झाला. सकाळी उपसायचं, दुपारी उपसायचं, दिवेलागणीच्या आत उपसायचं. भीती वाटली की खायला टाकायचं, टाकलेलं कुजलं की घासायचं, घासून झालं की भीती वाटायची. शेजारणी येताजाता सल्ले देत. एक म्हणाली, तुरटी फिरव. दुसरी म्हणाली, निवळीची बी उगाळून घाल. तिसरीनं कडुनिंबाचा पालाच आणून दिला. विणकरणीनं कुणाचंही मन मोडलं नाही. सगळंच घातलं.

विणकर मागावरून हे पाहत होता. एकदा म्हणाला, "अगं, जुना ताणा संपत आला की मी त्याच्याच टोकांना नवे धागे सांधतो. रोज सगळा ताणा कापून टाकला तर माझं लुगडं व्हायचं कधी?"

"लुगडं मरत नाही," ती म्हणाली. तो पुन्हा मागाकडे वळला.

महिना झाला, आणि कासवाचे डोळे सुजले. मानेची कातडी पांढुरकी होऊन सालपटं निघू लागली. ते डोणीतल्या दगडावर चढेना, पाण्यात पोहेना. मान आत ओढून तळाशी पडून राही. एखाद्या अबोल पाहुण्यासारखं, ज्याला घरी जायचंय पण सांगायचा संकोच वाटतो.

विणकरीण डोणीच्या काठाशी बसून त्याला विचारी, "काय होतंय तुला? गोष्टींतली कासवं बोलतात म्हणे. मग तू का नाही बोलत?"

कासव बोललं नाही. मांडीवरची लेक मात्र रडली. विणकरणीनं तिच्या मानेकडे पाहिलं. तिथेही त्वचा कोरडी पडून साल निघत होती. आता हिलाही ती दिवसातून तीनदा न्हाऊ घालत होती, ही गोष्ट वेगळी. पण ते तिच्या ध्यानात आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे फक्त दोन माना होत्या, एक लहान आणि एक म्हातारी, आणि दोन्हींवर पांढुरकी सालं.

"माझं काय चुकतंय?" तिनं स्वतःला विचारलं. उत्तर तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते परसात, केळीच्या आळ्यात मुरलेलं होतं.

जाऊन तेलिणीला सांगावं, असं तिच्या मनात आलं. लगेच दुसरं मनात आलं, की गावभर होईल. पंतोजींची शिकलेली लेक, हिला एक मडकं सांभाळता आलं नाही! ती तीन वेळा उंबऱ्यापर्यंत गेली आणि तीन वेळा, काहीतरी विसरल्यासारखं करून, परत आली. चौथ्यांदा निघाली तेव्हा सासूनं विचारलंच, "रोज काय विसरतेस गं उंबऱ्यात?"

"धीर," ती म्हणाली, आणि गेली.

तेलीण घाण्यापाशी तीळ पाखडत होती. विणकरणीनं लेकीला मांडीवर घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं, "वहिनी, तुम्ही दिलेलं पाणी मी डोणीत घातलं नाही. मला ते घाण वाटलं. मी ते केळीला घातलं. कासव आता मरायला टेकलंय. मला काय बोलायचं ते बोला, पण त्याला वाचवा."

तेलिणीच्या हातातलं सूप थांबलं. तिनं ते खाली ठेवलं. पदर खोचून सरळ विणकरणीच्या अंगणात आली.

डोणीत वाकून तिनं पाहिलं. "आरसा केलास की गं डोणीचा! इथे कासवानं राहायचं की देव्हाऱ्यातल्या मूर्तीनं?" मग तिनं कासवाला अलगद बाहेर काढलं आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. पुढून, मधून, शेवटी मागच्या बाजूला. शेपटीच्या वर, दोन खवल्यांच्या सांध्यात, तिचं बोट अडलं.

"ही पाठ घासली नाहीस?"

"घासणार होते हो," विणकरीण कळवळून म्हणाली. "रोज घासायची म्हणते. पण मागच्या टोकाशी पोचते न पोचते, तोच ही कार्टी टाहो फोडते."

"देव भलं करो तुझ्या कार्टीचं," तेलीण म्हणाली. "बघ."

सांध्यात एक रेघ होती. हिरवी, दोऱ्याएवढी बारीक. जुन्या डोणीतलं शेवाळ.

"पाणी आपण स्वच्छ करत नसतो, बाई. आपण फक्त घाण कमी करायची. पाणी नितळ ठेवते ती ही हिरवी माया. दगडावर धरलेली ती. ती तू रोज खरवडून काढतेस, आणि वर विचारतेस पाणी का बिघडतं." मग ती भराभर सांगू लागली. "आता तुरटी नको, पाला नको, राख नको. खायला घालायचं ते डोणीत नाही, परातीत. परातीत सोड, खाईल तेवढं खाईल, उरलेलं तिथेच राहील. पाणी तिसऱ्या दिवशी काढायचं, तेही चौथाई. नवं घालायचं ते विहिरीचं गार नाही, आदल्या दिवशी भरून उन्हात ठेवलेलं. आणि डोणीच्या दगडाला हात लावायचा नाही."

"एवढ्यानं होईल?"

"होईल. ही रेघ हळूहळू दगडावर उतरेल. पण आधी पाणी गढूळ होईल, तांदळाच्या धुवणासारखं. तेव्हा तुझे हात शिवशिवतील. तेव्हा काही करायचं नाही. तेच सगळ्यात अवघड."

"तुम्हाला हे एवढं कसं ठाऊक?"

तेलिणीनं पदर सोडला आणि नीट केला. "ठाऊक आहे म्हणून ठाऊक आहे," असं म्हणून ती चालू लागली.

विणकरीण मागून धावत गेली. तिनं काथ्या आणि राखेचं मडकं तेलिणीच्या हातात ठेवलं. "हे तुमच्याकडे असू द्या. माझा माझ्यावर भरवसा नाही."

तिसऱ्या दिवशी पाणी खरंच पांढुरकं झालं. चौथ्या दिवशी तळ दिसेनासा झाला. कासव आत आहे की नाही, हेही कळेना. सासू म्हणाली, "उपस गं ते, शोभतं का हे अंगणात?" विणकरीण घागर घेऊन उठली. डोणीपर्यंत गेली. घागर पाण्याला टेकली. समजा तेलीण चुकली असेल तर? समजा त्या रेघेत जीवच उरला नसेल तर?

पण काही न करण्याचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. तिनं घागर बाजूला पालथी घातली, लेकीला घट्ट धरलं आणि डोणीपाशी फतकल मारून बसली. जणू हात मोकळे राहिले तर तेच जाऊन उपसतील. त्या दिवशी लेकीची तीनपैकी दोन न्हाणी राहून गेली.

आठव्या दिवशी उन्हं अंगणात आली तेव्हा पाणी निवळत होतं. तळाच्या दगडावर हिरवट सावली धरली होती, हात लावला तर मऊ लागेल अशी. आणि कासव दगडावर चढून मान बाहेर काढून बसलं होतं. एक डोळा उघडा, दुसरा अर्धा. तिनं त्याला परातीत सोडलं. त्यानं दुधीची फोड हुंगली, विचार केला, पुन्हा विचार केला आणि मग कराकरा खाल्ली.

विणकरीण रडली. लेक हसली. तिच्या मानेवरची सालं कधी गेली, हे कुणी पाहिलंही नव्हतं.

पुढे दिवस गेले. कुंभारणीला मुलगा झाला. बारशाला विणकरीण टोपली आणि मडकं घेऊन निघाली. अंगण बायकांनी भरलेलं होतं. तेलीण होती, सासू होती, पलीकडच्या आळीतल्या म्हाताऱ्या होत्या.

कुंभारणीनं मडक्यात डोकावलं. तिच्या नाकाला पडलेली बारीकशी मुरड विणकरणीनं ओळखली. ती तिची स्वतःचीच होती.

खरं तर तिनं बेचाळीस सूचना मनात जुळवून आणल्या होत्या. त्या सगळ्या तिनं गिळल्या. अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "हे पाणी घाण दिसतं ना? मलाही दिसलं होतं. मी ते फेकून दिलं होतं. कासव मरता मरता वाचलं. तू फेकू नकोस."

घुगऱ्या चावायचा आवाज थांबला. विणकरणीचे कान तापले. आता हसतील सगळ्या, तिला वाटलं.

तेव्हा तेलीण खाली मान घालून म्हणाली, "मीही फेकलं होतं. उकिरड्यावर. तुझ्या अंगणात आले त्या दिवशी सांगणार होते, पण तोंड उघडेना."

"मी ओढ्यात," पाठीमागून एक म्हातारी म्हणाली.

"मी तर गोठ्यात. आणि वर म्हणाले, मांजरानं सांडलं."

एकेक आवाज उठत गेला. शेवटी सगळ्यांच्या नजरा विणकरणीच्या सासूकडे वळल्या. ती बराच वेळ घुगऱ्या निवडत होती.

"मी डोण चुन्यानं धुतली होती," ती म्हणाली. "चेहरा दिसायचा, ते खोटं नव्हे. पण कासवाचा दिसत नव्हता. ते महिनाभर मानच काढत नव्हतं."

मग मात्र अंगण हसून हसून लोटपोट झालं. कुंभारीण हसली, तिचं बारा दिवसांचं पोर दचकून जागं झालं. हसता हसता विणकरणीनं टोपलीतल्या कासवाकडे पाहिलं. त्याच्या पाठीवर, मागच्या सांध्यात, हिरवी रेघ तशीच होती. इतक्या आया, इतक्या डोणी, आणि प्रत्येकीनं फेकून दिलेलं ते म्हातारं कासव एकटं पाठीवर वाहत आलं होतं.

कुंभारणीनं मडकं दोन्ही हातांत धरलं आणि सगळ्यांसमोर, एक थेंब न सांडता, डोणीत रितं केलं. त्या गावात त्या दिवसापासून कासव कधी आजारी पडलं नाही. आणि त्या दिवसापासून मडक्याबरोबर प्रत्येक आई आपली एक चूकही पुढच्या आईला सांगू लागली.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो आपली चूक झाकतो, तो ती पुढच्याच्या दारात नेऊन ठेवतो.