माळावरची टिटवी आणि कोल्ह्याची पावले

एका उघड्या माळावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवीच्या पायांना झाडाची फांदी धरता येत नाही, म्हणून ती बिचारी खडेगोट्यांतच अंडी घालते. अंडीही खड्यांसारखीच ठिपक्यांची, शेजारून गेले तरी दिसू नयेत अशी. तरीही या टिटवीची अंडी दोन वेळा कोल्ह्याने खाल्ली होती. आता तिने पुन्हा अंडी घातली, पण मनात आनंद नव्हता, नुसती धास्ती होती. गवताची काडी हलली तरी ती दचकून उठे.

बाभळीवरच्या कावळ्याला दुसऱ्यांच्या नशिबाची भारी माहिती. तो म्हणाला, "टिटवीताई, कशाला जिवाला घोर लावून घेतेस? तुझ्या कपाळी पिल्लेच नाहीत. कपाळीचे कोणाला चुकले आहे?"

"मग मी ही अंडी उबवायचीच नाहीत का, कावळेदादा?"

"तेच तर सांगतो आहे," कावळा म्हणाला आणि चोच पुसू लागला.

टिटवीला रडू आले. मागची अंडी जिथे गेली, तिकडे पाहायलाही ती धजत नसे. पण त्या दिवशी मन घट्ट करून ती तिथे गेली. वाळलेल्या चिखलात कोल्ह्याची पावले अजून उमटलेली होती. ती त्या पावलांचा माग उलटा काढत गेली. पावले आधी कुठल्या कुठे भटकली होती, पार ओढ्याकडे वळली होती. मग एका जागी थांबून तिथून ती थेट अंड्यांपर्यंत आली होती. आणि टिटवीला आठवले. कोल्हा त्याच जागी असताना ती घाबरून अंड्यांवर घिरट्या घालत ओरडू लागली होती. त्याला वाट तिनेच दाखवली होती.

पुढे एका संध्याकाळी कोल्हा पुन्हा आला. भीतीने टिटवीच्या तोंडून ओरड फुटणारच होती. तिने ती गिळली. मान खाली घालून, अंड्यांना उघडे टाकून ती चोरपावलांनी निघाली. मागे वळून पाहावे असे तिला फार वाटत होते. कोल्ह्याची चाहूल अंड्यांपासून हातभर अंतरावर येऊन थांबली, तेव्हा तर तिला वाटले, कावळ्याचेच खरे. तरीही ती चालत राहिली आणि माळाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन मग जिवाच्या आकांताने ओरडली.

कोल्ह्याने कान टवकारले. "अच्छा, या खेपेला तिकडे घातलीत वाटते," असे म्हणत तो धावला. तिथला दगड न् दगड त्याने हुंगला आणि शेवटी शेपूट पाडून ओढ्यापलीकडे निघून गेला.

काही दिवसांनी माळावर चार पिल्ले तुरुतुरु धावू लागली. कावळा म्हणाला, "टिटवीताई, नशीब उघडले हो तुझे."

"नशीब आहे तेच आहे, कावळेदादा," टिटवी म्हणाली. "माळ तोच, कोल्हाही तोच. भीतीसुद्धा तेवढीच वाटली. मी फक्त दुसरीकडे जाऊन ओरडले."

तात्पर्य : जन्माने वाट्याला आलेले बदलता येत नाही, पण आपण कुठे चुकलो हे जो धीर करून पाहतो, त्याला पुढचे पाऊल आपल्या मनाने टाकता येते.